प्रवचनाची चाळीस मिनिटं

तिसऱ्या वेळीही फ्यूज नेमका त्याच जागी उडाला. पास्टर व्हिटलो बोलता बोलता गाऊ लागले होते, हातातले पंखे थांबवून बाया उभ्या राहिल्या होत्या, आणि लेम्युएल टब्जने बेस गिटारच्या जाड तारेवर बोट ठेवलं. एक घुर्र झाली, अँप्लिफायरच्या मागच्या जाळीतून लाल उजेड दिसला, आणि मग काहीच नाही. ऑर्गन वाजत होता, ड्रम वाजत होते, पण पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं सगळं अधांतरी झालं. चौथ्या बाकावर बसलेल्या व्हर्नेटा क्रॉने डोळे मिटले. त्या अँप्लिफायरची दुरुस्ती तिने केली होती, आणि तीही तिसऱ्यांदा.

उपासना संपल्यावर संगीताचा प्रमुख मॅडॉक्स तिला बाहेरच्या बोळात गाठून उभा राहिला. वय अडतीस, बूट चकचकीत, आवाजात मध. ऑर्गन तोच वाजवायचा.

"सिस्टर व्हर्नेटा, तुमच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण ते धूड आता म्हातारं झालं. आणि खरं सांगू, ब्रदर लेम्युएलचा हातही तसाच झालाय. तारा इतक्या बडवतात की कुठलंही यंत्र बोंबलेल."

"बडवतो? बोटांना संधिवात झालेला माणूस बडवतो?"

"तेच म्हणतोय मी. बोटांना संधिवात आहे." तो हसला. "पुढच्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन आहे ना, त्या दिवशी त्यांचा सत्कार करू. एकेचाळीस वर्षांची सेवा. मानाची लाकडी पाटी करायला टाकलीय, पितळी अक्षरांची. मग त्यांनी आरामात पुढच्या बाकावर बसावं. बेस काय, मी कीबोर्डवर डाव्या हाताने उरकीन."

गॅरी शहरातल्या चर्चमध्ये माणसाला घालवायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. टाळ्या वाजवून हातावर नारळ ठेवायचा, म्हणजे माणसाला रडायचीही सोय राहत नाही. व्हर्नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष यंत्रात, शिक्षा लेम्युएलला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार.

"पुढच्या रविवारी अँप शेवटपर्यंत टिकला तर?" तिने विचारलं.

मॅडॉक्सने शेजारी उभ्या असलेल्या, चर्चची व्यवस्था बघणाऱ्या डीकन स्पर्लॉककडे पाहून डोळा मारला. "टिकला तर मी स्वतः त्यांची खुर्ची पुसून देईन."

"डीकन, ऐकलंत ना?" व्हर्नेटा म्हणाली. स्पर्लॉकने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्याचं त्यालाच ठाऊक. त्याच दुपारी दोघा माणसांना हाताशी धरून तिने तो अँप पुन्हा आपल्या तळघरात उतरवून घेतला.

व्हर्नेटाने एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात मोटरदुरुस्ती केली होती. निवृत्त झाल्यावर ती व्हॉल्व्हवाले जुने अँप दुरुस्त करू लागली, आणि शिकागोपासून लोक तिच्याकडे येत. लेम्युएलच्या अँपमध्ये काचेच्या दिव्यांसारखे सहा मोठे व्हॉल्व्ह होते. अशा व्हॉल्व्हच्या आत जाळ असतो आणि वरून सातशे व्होल्टचा ओढा असतो. मोकळे सोडले तर ते स्वतःलाच जाळून घेतील, म्हणून प्रत्येकाला उण्या दाबाची वेसण घातलेली असते. तिला बायस म्हणतात. वेसण सैल पडली की व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा तापून लाल होतो, आणि अगदीच सुटली तर फ्यूज जातो.

हे सगळं तिला पाठ होतं. मे महिन्यात अँप पहिल्यांदा आला तेव्हा तिने बायसची वीज साठवणारा जुना, सुकलेला कपॅसिटर काढून नवा घातला. जूनमध्ये मधले गळके कपॅसिटर बदलले. जुलैमध्ये सहाही व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळवून नवे बसवले. दर वेळी अँप आठ-आठ तास टेबलावर चालवला, दर वेळी मीटरचा काटा उणे पंचावन्नवर खिळ्यासारखा उभा. आणि दर वेळी चर्चमध्ये नेला की तिसऱ्या नाहीतर चौथ्या रविवारी फ्यूज. आता ऑगस्ट लागला होता. सोमवारी आणि मंगळवारी तिने पुन्हा सगळं तपासलं, बायसच्या बाजूचा डाग दिलेला प्रत्येक जोड लाकडी काडीने टोचून पाहिला. अँपमध्ये काहीही खोट सापडली नाही, आणि त्यानेच ती जास्त चिडली. खोट असलेलं यंत्र परवडलं, पण शहाण्यासारखं वागून चारचौघांत तोंडघशी पाडणाऱ्या यंत्राचं काय करायचं?

बुधवारी संध्याकाळच्या तालमीला ती अँपसोबत मीटर घेऊनच गेली. मागच्या जाळीतून दोन वायरी बाहेर काढल्या आणि पहिल्या बाकावर मीटर मांडीवर घेऊन बसली. अँपच्या पेटीचा एक रबरी पाय कधीचा पडला होता, म्हणून त्या कोपऱ्याखाली लेम्युएलने अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाचा जाहिरातीचा पुठ्ठ्याचा पंखा घडी करून सारला होता. तो दर दोन गाण्यांनी सरकायचा आणि पेटी डुगडुगायची. लेम्युएल खाली वाकून तो पुन्हा आत ढकलायचा.

दोन तास तालीम झाली. काटा पंचावन्नवरून हलला नाही.

"बघा, तुम्ही समोर बसलात की वाजतंय," मॅडॉक्स सगळ्यांसमोर म्हणाला. "सिस्टर, रविवारी तुम्ही त्याच्यावरच बसा."

गायकवृंद हसला. लेम्युएलही हसला, आणि ते व्हर्नेटाला सगळ्यात लागलं. अँप पुन्हा गाडीत घालून घरी येईपर्यंत ती एकटीच मॅडॉक्सला जे बोलायचं ते बोलली. त्यातलं निम्मं चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी लेम्युएल तिच्या तळघरात आला. हातात राजम्याचं पातेलं आणि फडक्यात गुंडाळलेला कॉर्नब्रेड. पातेलं ठेवून तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सोड आता. पाटी घेतो, बाकावर बसतो. गुडघेही दुखतात अलीकडे."

"तुला बसायचंय का तिथे?"

"ते म्हणतात तर..."

"ते काय म्हणतात ते मी गेले चार महिने ऐकतेय. मी तुला विचारलं."

लेम्युएलने कॉर्नब्रेडवरचं फडकं उगाचच नीट केलं. मग म्हणाला, "इव्हॉन मला विधुर करून गेली तेव्हाही सगळे म्हणाले, आराम कर. त्या रविवारी मी खुर्चीत जाऊन बसलो नसतो तर सोमवारी अंथरुणातून उठलो नसतो. तिथे बसलं की मी काहीतरी आहे. बाकावर बसलेल्या लेम्युएलला कोण विचारतो? मी तरी विचारीन का?"

"मग हे मॅडॉक्सला सांगता येत नाही तुला? माझ्यापाशी येऊन गुडघ्यांचं गाणं गातोस."

"भांडण नको वाटतं."

"तुला नको वाटतं म्हणून ते सगळं माझ्या वाट्याला येतं," व्हर्नेटा म्हणाली, आणि तिने रागारागाने स्टूल ओढून त्याच्यासमोर बसकण मारली. "आता एक काम कर. रविवारी सकाळी चर्चमध्ये पाय ठेवल्यापासून तुझे हात काय काय करतात ते सांग. काहीही गाळू नकोस."

"हात काय करणार? टोपी काढतात. गिटार पेटीतून काढतात."

"अँप कोण सुरू करतं?"

"डीकन स्पर्लॉक. सातला भिंतीवरची मोठी कळ ओढतो, की दिवे, ऑर्गन, पंखे, अँप सगळं एकदम सुरू. अँपवरच्या कळा मी घरी जाताना बंदच करत नाही."

"पुढे?"

"वाजवतो. मग प्रवचन. मग परत वाजवतो. मग घरी."

"प्रवचनात काय करतोस?"

"ऐकतो."

"लेम्युएल."

"अगं ऐकतोच. स्टँडबायची कळ खाली करतो आणि ऐकतो. व्हॉल्व्ह गरम राहतात, आवाज बंद. पास्टर गायला लागले की कळ वर. मला शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देवाचं वचन चाललं असताना आपल्या यंत्राने श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

व्हर्नेटा त्याच्याकडे बघतच राहिली. "किती वेळ?"

"पास्टरांवर आहे. चाळीस मिनिटं धर. थोडक्यात आटपलं तर वीस."

"चार महिने मी या पेटीशी डोकं फोडून घेतेय, आणि हे तू मला आज सांगतोस?"

"दारातून आत शिरताना टोपी काढतो हे तरी मी कधी सांगितलं होतं? ते काय सांगायचं असतं?" लेम्युएल खरोखरच गोंधळला होता. "तू नाही का ती कळ वापरून बघितलीस?"

नाही. तिने वापरली नव्हती. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मुकादमाने तिला शिकवलं होतं की दुरुस्त केलेली मोटर कधी झटक्यात सुरू करायची नाही. वीज हळूहळू चढवायची, वास घ्यायचा, कान द्यायचा. तिच्या टेबलावर त्यासाठी वीज थेंबाथेंबाने चढवणारं एक मोठं चाक होतं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने ती प्रत्येक अँप त्याच चाकावर सुरू करायची आणि त्याच चाकावर बंद करायची. स्टँडबायच्या कळेला हात लावायची तिला गरजच पडली नव्हती. आणि बुधवारच्या तालमीत प्रवचन नव्हतं.

ती उठली. चाक पुढे करून अँप गरम केला, मीटर लावला. उणे पंचावन्न. "कर, रविवारी करतोस तसं कर," ती म्हणाली. लेम्युएलने अंगठ्याने कळ खाली केली.

काटा सरकू लागला. पन्नास. चाळीस. पंचवीस. मिनिटभरात तो शून्यावर जाऊन आडवा पडला. असं होणं शक्यच नव्हतं. स्टँडबायमध्ये वरचा सातशेचा दाब तुटायचा असतो, वेसण जागच्या जागी राहायची असते. इथे दोन्ही तुटत होती. मग चाळीस मिनिटांनी कळ वर केली की सातशे व्होल्ट क्षणात हजर, वेसण मागून रमतगमत येणार, आणि तोवर सहा तापलेले व्हॉल्व्ह मोकाट. दर रविवारच्या झटक्याने फ्यूज थोडा थोडा झिजायचा आणि तिसऱ्या-चौथ्याला जायचा. दर रविवारी सकाळी डीकन सगळं एकदम सुरू करायचा तेव्हा हे घडत नव्हतं, कारण व्हॉल्व्ह गार असत आणि ते तापेपर्यंत वेसण येऊन पोचलेली असे.

"हात लावू नकोस आता," ती म्हणाली. वीज तोडली, आतला साठलेला दाब उतरवला, पेटी उलटी केली आणि चष्मा चढवून स्टँडबायच्या कळेमागे टॉर्च मारला. मे महिन्यापासून ती या पेटीत दहा वेळा डोकावली होती, पण बायसच्या बाजूला. कळेच्या मागे कुणी कशाला बघतो? तिथे दोन तारांच्या जागा बदललेल्या होत्या. जोडावर निळी प्लास्टिकची नळी चढवलेली होती. व्हर्नेटाकडे निळी नळी नव्हतीच, ती सगळीकडे काळी वापरायची.

"हे कुणी केलं?"

लेम्युएलने वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "ईस्टरच्या सुमारास मॅडॉक्स घेऊन गेला होता. पूर्वी कळ दाबली की कर्ण्यातून ठप्प असा आवाज व्हायचा ना, पास्टर प्रार्थनेला मान खाली घालत आणि नेमकं ठप्प. मॅडॉक्स म्हणाला, बरं दिसत नाही. त्याच्या ओळखीचा कुणी साउंडवाला आहे, त्याच्याकडून आवाज काढून आणला. मला म्हणाला, नुसतं साफ करून आणलंय."

"आणि तू गप्प बसलास."

"साफच करून आणलं म्हणाला."

कळ थोडी मागे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला सरकवली की ठप्प मऊ होतो हे खरं. पण बायसची तार तिथूनच निघते हे त्या शहाण्याने पाहिलं नव्हतं. व्हर्नेटाने कपाळाला हात लावला. माणसाने स्वतः यंत्राचा गळा दाबायचा आणि वर त्याच्या मालकाला म्हातारा म्हणायचं! ती उभ्या उभ्या मॅडॉक्सचा उद्धार करू लागली, आणि बोलता बोलता तिची नजर बायसच्या कपॅसिटरवर गेली. ती थांबली.

तो कपॅसिटर तिचा होता. मे महिन्यात जुना काढून तिने हौसेने दुप्पट मोठा घातला होता, घरघर अजून कमी होईल म्हणून. मोठा कपॅसिटर भरायला वेळ घेतो. त्या साउंडवाल्याने वेसण सोडली होती, आणि ती परत यायला उशीर लागेल याची सोय तिने केली होती.

"मेच्या आधी काय होत होतं?" तिने हळू आवाजात विचारलं. "फ्यूज जायचा?"

"नाही. पहिला सूर घोगरा यायचा, खोकल्यासारखा. म्हणून तर तुझ्याकडे आणला."

दुसऱ्यावर रागावलेलं असताना स्वतःची चूक सापडणं म्हणजे भाकरीत खडा लागणं. "मग निम्मं पाप माझं आहे," ती शेवटी म्हणाली. "हे मी मॅडॉक्सला सांगीन. पण उरलेलं निम्मं त्याच्या पदरात घालूनच."

दुपारभर ती काम करत होती. तारा मूळ जागी गेल्या, कपॅसिटर मूळ मापाचा आला. मग तिने रेडिओवर बेसबॉलचा सामना लावला, त्यालाच प्रवचन समजायचं असं ठरवलं, आणि लेम्युएलने तीन वेळा कळ खाली केली, चाळीस मिनिटं थांबून वर केली. काटा पंचावन्नवर गच्च. आणि दर वेळी कर्ण्यातून आवाज आला, ठप्प. जुना, दणकट. राजमा गार झाला होता, पण दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

रविवारी अँप जागेवर ठेवून व्हर्नेटाने मागे पाहिलं तर लेम्युएलची खुर्ची नव्हती. तिच्या जागी मॅडॉक्सचा दुसरा कीबोर्ड उभा होता.

"खुर्ची कुठे आहे?"

"सिस्टर, आज त्यांना पुढच्या बाकावर मानाची जागा आहे," मॅडॉक्स म्हणाला.

व्हर्नेटाने पर्समधून निळ्या नळीचा तुकडा काढून त्याच्या कीबोर्डवर ठेवला. "ईस्टरला तुझ्या माणसाने कळ हलवली, तिथे वेसण तुटत होती. मी त्यात मोठा कपॅसिटर घालून भर टाकली, ती माझी चूक, आणि ती मी चारचौघांत कबूल करीन. लेम्युएलची चूक मात्र यात कुठेही नाही. तू काय कबूल करणार?"

मॅडॉक्सने तुकड्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, हे त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं. "आज वर्धापनदिन आहे, सिस्टर. आज उकरायचा दिवस नाही," तो म्हणाला, आणि तुकडा खिशात टाकला.

पास्टर व्हिटलो जवळच होते. त्यांनी ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं. संगीताचं मॅडॉक्स बघतात, असं ते नेहमीच म्हणत. व्हर्नेटा तळमजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत गेली, रचून ठेवलेल्या खुर्च्यांमधून लेम्युएलची खुर्ची शोधली, जिने चढून वर आणली, कीबोर्ड कोपराने बाजूला सारला आणि पर्समधला रुमाल काढून खुर्ची पुसली. पुढच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसलेल्या लेम्युएलला तिने नुसती मान हलवून बोलावलं. तो उठून आला.

गाणी झाली. पास्टर उभे राहिले, मान खाली घालून प्रार्थनेला सुरुवात केली, आणि लेम्युएलने कळ खाली केली. ठप्प.

पास्टर थांबले. चष्म्यावरून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मॅडॉक्सने डोळे मिटले. "कुणीतरी दार लावून घेतलं," पास्टर म्हणाले. "बरं झालं. आता आपण सगळे आत आहोत." चर्चमधली म्हातारी मदर ह्युलेट, वय ब्याण्णव, आधी हसली, आणि मग सगळं चर्च.

प्रवचन चाळीस नव्हे, बावन्न मिनिटं चाललं. व्हर्नेटाला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. ती मागच्या जाळीकडे बघत होती. पास्टरांचा आवाज चढला, बाया उठल्या, ऑर्गनने उत्तर दिलं, आणि लेम्युएलचा अंगठा कळेवर गेला. ठप्प. मग बेसचा पहिला सूर आला, खालून, बाकांच्या लाकडातून, आणि राहिला. व्हर्नेटा उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. तिला रडू येत होतं आणि अजून रागही येत होता, दोन्ही एकदम.

तिला वाटलं, इथे संपलं. पण वर्गणी झाल्यावर लेम्युएलने रिवाजाप्रमाणे कळ पुन्हा खाली केली, आणि मॅडॉक्स माइक घेऊन पुढे आला. हातात पाटी. जणू मघाशी काही वाजलंच नव्हतं. एकेचाळीस वर्षं, निष्ठा, नम्रता, सगळं त्याने वाचून दाखवलं. "आणि आजपासून आपले लाडके ब्रदर लेम्युएल विश्रांती घेतील," तो म्हणाला. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी एकमेकांकडे पाहिलं. व्हर्नेटा बाकाला धरून उठायला लागली.

लेम्युएल तिच्या आधी उठला. त्याने पाटी घेतली, पितळी अक्षरं सावकाश वाचली, हातावर तोलून पाहिली. मग माइक मागितला.

"चांगलं जड लाकूड आहे," तो म्हणाला. "आभारी आहे. ब्रदर मॅडॉक्स, अँप टिकला तर तुम्ही माझी खुर्ची पुसून देणार होतात. डीकन स्पर्लॉक साक्षीला आहेत. ती सिस्टर व्हर्नेटाने सकाळीच पुसली, तेव्हा ते राहू द्या. पण विश्रांतीचं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो."

त्याने माइक परत दिला. अँपपाशी गेला, दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू खाली बसला, कोपऱ्याखालचा पुठ्ठ्याचा पंखा ओढून काढला आणि तिथे पाटी सारली, अक्षरं खाली करून. पेटीला दोन्ही हातांनी धक्का देऊन पाहिला. पेटी डुगडुगली नाही. मग उठून तो खुर्चीत बसला आणि गिटार मांडीवर घेतली.

"समारोपाचं गाणं कुठल्या पट्टीत?" त्याने मॅडॉक्सला विचारलं.

मॅडॉक्स माइक धरून तसाच उभा होता. उत्तर पास्टरांनी दिलं, आपल्या खुर्चीतूनच. "ए फ्लॅट, ब्रदर लेम्युएल. दर रविवारी असते तीच."

लेम्युएलने मान डोलावली आणि अंगठ्याने कळ वर केली. ठप्प.